शासनाचे उत्तरदायित्व : फौजदारी न्याय आणि संरक्षण (खानदेश)

पोलीस, तुरुंग, फौजदारी खटले आणि संरक्षण खाते यांच्या कारभारात सरकारने काय केले, कोणत्या अधिकाराने केले आणि चुकल्यास जबाबदार कोण, याचा जाब विधिमंडळाला, न्यायालयाला व नागरिकांना देण्याचे बंधन म्हणजे या क्षेत्रांतील शासनाचे उत्तरदायित्व. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था व तुरुंग हे राज्याचे विषय आहेत, फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे आणि संरक्षण पूर्णपणे केंद्राकडे. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात या तिन्ही सूचींचा कारभार शेजारी शेजारी चालतो. भुसावळ रेल्वे स्थानकाच्या एकाच फलाटावर केंद्राचे रेल्वे सुरक्षा दल आणि राज्याचे लोहमार्ग पोलीस दोघेही उभे असतात. तेथून जवळच संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतले दोन कारखाने आहेत.

जाब विचारण्याची ठिकाणे मात्र खानदेशात फारशी नाहीत. तिन्ही जिल्ह्यांचे पोलीस अधीक्षक नाशिक परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांच्या हाताखाली येतात. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचे विभागीय प्राधिकरण नाशिक विभागासाठीचे, माहिती अधिकारातील दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचे खंडपीठही नाशिकचे. उच्च न्यायालयात जायचे तर दिशा बदलते, कारण हे जिल्हे औरंगाबाद खंडपीठाला जोडलेले आहेत. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत. केंद्राच्या कारखान्याची माहिती नाकारली गेली तर दुसरे अपील दिल्लीतील केंद्रीय माहिती आयोगाकडे. धडगाव किंवा मोलगीच्या पाड्यावरच्या माणसाला आधी नंदुरबार गाठायलाच सातपुड्याचा घाट उतरावा लागतो, त्यात दिवसाची मजुरी बुडते. हक्क कागदावर सर्वांना सारखे आहेत, पण ते बजावण्याचा खर्च सारखा नाही. खानदेशातील उत्तरदायित्वाचा विचार या अंतरापासूनच सुरू करावा लागतो.

पूर्वपीठिका

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा सातपुडा व सातमाळ्यातील भिल्ल नाईकांशी त्यांचा संघर्ष सुरू झाला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच भरती करून खानदेश भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावला होते. ही पलटण अर्धी लष्कर, अर्धी पोलीस होती आणि पुढे १८९१ मध्ये जिल्हा पोलीस दलात विलीन झाली. म्हणजे येथील पोलीस व्यवस्थेचा पाया बंदोबस्ताच्या गरजेतून पडला आणि तिचे उत्तरदायित्व वरच्या साहेबाला होते, गावाला कधीच नव्हते. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये त्याच सरकारविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे कित्येक जमातींना जन्मतःच संशयित ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की आधी विशिष्ट वस्तीवर जाण्याची सवय त्याबरोबर रद्द झाली नाही.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण त्यात गेले. हौतात्म्याचे स्मारक झाले, दरवर्षी वंदन होते आणि ते व्हायलाच हवे. त्या गोळीबाराचा जाब मात्र परकीय सत्तेने कधी दिला नाही. स्वतंत्र देशाच्या पोलिसांना तो द्यावा लागतो, आणि फरक नेमका इथेच दिसला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली कठोर परीक्षा शहादा तालुक्यात झाली. गमावलेल्या जमिनी, सालदारी (वर्षाच्या बोलीवरची शेतमजुरी) आणि मजुरी यांवरून १९७० च्या सुमारास आदिवासींचा असंतोष वाढला. १९७१ मध्ये पाटीलवाडीला जमीनमालकांच्या बाजूने गोळीबार झाला. बड्या बागायतदारांनी पीक संरक्षण संस्था काढून पगारी राखणदार नेमले होते. शिक्षा करण्याचा अधिकार असा खासगी हातांत गेला तरी सरकार बघत राहिले, ही त्या काळातली सर्वांत गंभीर चूक होती. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि त्यानंतर श्रमिक संघटना यांनी उभ्या केलेल्या चळवळीने जमिनीबरोबर पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेतली जाण्याचा हक्कही मागितला, हे पुष्कळदा विसरले जाते.

पोलीस

पोलीस सुधारणांसाठीच्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्यास सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने राज्यस्तरीय व विभागीय प्राधिकरणे आणली, जिल्हास्तरीय नाहीत. या एका बदलाने तळोदा, यावल, शिरपूरच्या तक्रारदाराचे काम अवघड झाले. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणे यांसारख्या तक्रारी या प्राधिकरणाकडे नेता येतात. त्यात बहुतेक वेळा तक्रारदार गरीब आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो त्याच गावच्या ठाण्यात रोज भेटणारा असतो.

दुसरी अडचण जुन्या कायद्यातच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१ नुसार, कर्तव्याच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर सहा महिन्यांच्या आत खटला भरावा लागतो. शासनाची पूर्वपरवानगी असेल तर दोन वर्षांपर्यंत. शवचिकित्सा अहवाल, न्यायवैद्यक तपासणी, दंडाधिकाऱ्यांची चौकशी यांतच सहा महिने निघून जातात. लोकसेवकांवरील खटल्याच्या मंजुरीबाबत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने एक चांगली गोष्ट केली: १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. मुदत घालून दिली की फाइल हलते.

कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करावी, ही तरतूद २००६ पासून आहे, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवण्याचा दंडकही जुना आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणातील २ डिसेंबर २०२० च्या निकालाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे सक्तीचे केले. चित्रण अठरा महिने जपावे आणि ते शक्य नसेल तर निदान वर्षभर, असे तो निकाल सांगतो. जिल्हा देखरेख समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा ग्रामीण भागातून लोकनियुक्त प्रतिनिधी असावा, असेही त्यात आहे. या समितीच्या बैठकांची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागता येतात. खानदेशातल्या कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी ती नियमित मागावीत. ठाण्यातला कॅमेरा बंद होता हे घटनेनंतर कळण्यापेक्षा घटनेआधी कळणे जास्त उपयोगाचे.

सातपुड्यात भाषेचाही प्रश्न आहे. जबाब मराठीत लिहिला जातो. सांगणारी बाई पावरी किंवा भिलोरी बोलते. मध्ये जो कोणी दुभाषा होईल, मग तो हवालदार असो, पोलीस पाटील असो वा गावचा पुढारी, त्याच्या हातून जबाब बदलू शकतो. डाकीण ठरवून बायकांना छळण्याच्या प्रकारांत हे फार जाणवते, कारण आरोपी आणि दुभाषा बऱ्याचदा एकाच भाऊबंदकीतले असतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. कोणत्या ठाण्यात तो अधिकारी कोण आहे, हे पाड्यावर माहीत असणे ही या कायद्याची खरी कसोटी.

धुळे २०१३ आणि राईनपाडा २०१८

६ जानेवारी २०१३ रोजी धुळे शहरात एका किरकोळ भांडणातून दंगल उसळली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण मरण पावले. दंगलीतील पोलिसांचे वर्तन मोबाइलवर चित्रित झाले होते. त्याआधारे काही पोलिसांवर कारवाई झाली आणि अटकही झाली. गोळीबारापूर्वी अश्रुधूर, लाठी, इशारा हे टप्पे पाळले गेले का, गोळ्या कमरेखाली झाडल्या का, आदेश कोणी दिला, या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी शासनाने न्यायिक चौकशी आयोग नेमला. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ च्या कलम ३(४) प्रमाणे अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत तो कृती अहवालासह (शासनाने त्यावर काय केले याच्या निवेदनासह) सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे. आयोगाच्या शिफारशी मात्र शासनावर बंधनकारक नाहीत. म्हणून आयोग नेमला जाणे म्हणजे जाब मिळाला असे समजणे चूक आहे. ज्यांची मुले गेली त्या घरांना कृती अहवालातला प्रत्येक परिच्छेद समजून घेण्याचा हक्क आहे.

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार केले. ते मंगळवेढा परिसरातून भिक्षुकीसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. भटक्या माणसाला परगावात ओळख सांगायला कोणी नसते. ओळख पटवून देणे हे त्या वेळी पोलिसांचेच काम होते. तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ जुलै २०१८ रोजी, या घटनेनंतर सोळा दिवसांनी आला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा समन्वय अधिकारी, भरपाई योजना, जलदगती सुनावणी आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई, असे त्याचे आदेश आहेत. अफवांचे संदेश जिल्ह्यात आधीपासून फिरत असताना प्रशासनाने गावोगाव काय कळवले, हा राईनपाड्याबाबतचा मूळ प्रश्न. खुनाच्या खटल्यात त्याचे उत्तर मिळत नाही. ते वेगळे मागावे लागते.

खटला आणि तुरुंग

आरोपी सत्ताधारी असताना फौजदारी न्याय किती चालतो, याचे खानदेशातील ठळक उदाहरण म्हणजे जळगाव नगरपालिकेचा घरकुल घोटाळा. तत्कालीन आयुक्तांच्या फिर्यादीवरून २००६ मध्ये गुन्हा नोंदला गेला, मोठ्या अटका २०१२ मध्ये झाल्या आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवले. त्यांत माजी मंत्री होते, आजी-माजी नगरसेवक होते. निकालाविरुद्ध अपिले झाली. फिर्याद ते निकाल यांत तेरा वर्षे गेली. ज्यांच्यासाठी घरकुले होती ती कुटुंबे तेवढा काळ झोपड्यांतच वाढली. तरीही एका सनदी अधिकाऱ्याने स्वतःच्याच संस्थेविरुद्ध फिर्याद दिली आणि ती निकालापर्यंत टिकली, ही गोष्ट लहान नाही.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे खानदेशात घरोघर माहीत असते. आज तुरुंगात बहुतेक जण कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, असतात, आणि त्यांचे म्हणणे उतरवून घेणारे फार थोडे. नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडावे. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे यातून वगळले आहेत. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे, ही त्या कलमातली मोलाची बाब.

संरक्षण

भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी (आयुध निर्माणी) १९४९ ची. वरणगावची १९६४ ची. चीन युद्धानंतरच्या विस्तारात ती उभी राहिली आणि लहान शस्त्रांची काडतुसे बनवू लागली. भुसावळला पिनाका रॉकेटसाठी पॉड (रॉकेट ठेवण्याचे व डागण्याचे संच) तयार झाले. दोन्ही गावांच्या तीन पिढ्यांचे संसार ‘फॅक्टरी’वर चालले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले: वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे (पुणे), भुसावळ यंत्र इंडियाकडे (नागपूर). कामगार संघटनांचा विरोध होता, संपाची तयारी होती. सरकारने ३० जून २०२१ रोजी अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश काढला. संपात भाग घेतल्यास एक वर्षापर्यंत, चिथावणी दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्यात होती. त्याची जागा घेणारे विधेयक लोकसभेत ३ ऑगस्टला गोंधळातच, चर्चेविना मंजूर झाले. तो कायदा वर्षभराच्या मुदतीचाच होता, पण कंपनीकरण तेवढ्या अवधीत पुरे झाले.

संरक्षण धोरण आणि फौजदारी कायदा खानदेशात एकमेकांना भिडले ते इथे. कारखान्यांची पुनर्रचना हा सरकारचा अधिकार आहे, याबद्दल वाद नाही. परंतु संप हा गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर लोकप्रतिनिधी एक तासही बोलू शकले नाहीत, तर वरणगावच्या कामगाराने आपला खासदार कशासाठी निवडून दिला? कंपन्या झाल्या तरी त्या सरकारी असल्याने महालेखापरीक्षकांची तपासणी आणि माहितीचा अधिकार लागू राहतो. शस्त्रांचे तपशील माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(क) खाली रोखता येतील. अपघातांची नोंद, सुरक्षा तपासणी, कंत्राटी मजुरांची संख्या ही देशाच्या सुरक्षेची गुपिते नाहीत, आणि ती नाकारली गेल्यास अपील करणे योग्य ठरते.

जुलै २०१६ ते मे २०१९ या काळात धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री होते. त्याच काळात, २९ सप्टेंबर २०१६ रोजी, धुळे जिल्ह्यातीलच एक जवान नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यात गेला. २१ जानेवारी २०१७ रोजी तो परत आला आणि पुढे त्याच्यावर लष्करी न्यायालयात कारवाई झाली. त्या चार महिन्यांत गावाला मंत्र्यांपर्यंत थेट पोहोचता आले, हा योगायोग होता. इतर सैनिक कुटुंबांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून सुरुवात करावी लागते. लष्करी न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध किंवा निवृत्तिवेतनाच्या वादात दाद मागायची तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत बसते आणि पुढचे अपील सर्वोच्च न्यायालयात जाते.