रात्री जागतं, दिवसा बोलत नाही

रात्रभर एका दमात झोपणारं मूल असं काही नसतं. टॉमस अँडर्स या अमेरिकी बालमानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकात तान्ह्या मुलांच्या झोपेवर रात्रभर कॅमेरे लावले. ‘आमचं बाळ सकाळपर्यंत उठतच नाही’ असं ज्यांचे आईबाप सांगत होते, ती बाळंही रात्री जागी होताना दिसली. काही बाळं डोळे उघडत, इकडेतिकडे बघत आणि आपली आपण पुन्हा झोपत. बाकीची रडून घर जागं करत.

म्हणजे जाग येणं हा बिघाड नव्हे. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं, लहान मुलाचं तासाभराचं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप विरळ होते. पहिल्या काही तासांत गाढ झोपेचा वाटा मोठा असल्यामुळे मूल तेव्हा सहसा हलत नाही. मध्यरात्रीनंतर स्वप्नांची, हलकी झोप वाढते आणि खरी रडारड तेव्हा सुरू होते. नेमका तोच आईबापांच्या झोपेचा वेळ. जे मूल खांद्यावर डुलत, पाठीवर थोपटून घेत किंवा दूध पीत झोपलं, त्याला दोन वाजता जाग आल्यावरही तोच खांदा हवा असतो. त्यात हट्ट नाही. झोपेकडे जायची तेवढीच वाट त्याला ठाऊक असते.

झोप दोन गोष्टींवर चालते, ही मांडणी झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती अजून वापरात आहे. पहिली गोष्ट म्हणजे जागेपणी साचत जाणारा झोपेचा दाब. दुसरी मेंदूतलं घड्याळ, जे प्रामुख्याने डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. मूल रात्री अकरापर्यंत घरभर धावत असेल, तर बहुधा यांपैकी एक बिनसलेलं असतं. दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबली की दाब साचत नाही. रात्रीच्या लख्ख दिव्यांनी घड्याळ मागे सरकतं. हा दुसरा परिणाम लहान मुलांत किती तीव्र असतो, हे मोनिक लेबूर्जुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळू दिलं, तर त्यांचं मेलाटोनिन, म्हणजे मेंदूला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, जवळजवळ ८८ टक्क्यांनी घटलं आणि दिवे मंद केल्यावरही बराच वेळ सावरलं नाही. अभ्यासात मुलं दहाच होती, पण परिणाम इतका ठळक की संध्याकाळी घरातले दिवे कमी करायला मला तेवढा पुरेसा वाटतो. फुकटचा उपाय आहे.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते. तीन तासांचा हा फरक लक्षात घ्या. शेजारचं मूल १४ तास झोपतं आणि आपलं साडेअकरा, पण दिवसा ते हसतंखेळतं असेल तर तक्रार झोपेची नाही, तुलनेची आहे. शिवाय या वयात बऱ्याच गोष्टी एकदम घडतात. दिवसातल्या दोन झोपांची एक होते, आई नजरेआड झाली की जीव घाबरा होतो, आणि चालणं-चढणं नवंनवं असल्याने अर्धवट झोपेतही मूल उभं राहतं. चांगलं झोपणारं मूल दीड वर्षाच्या आसपास अचानक बिघडतं ते बहुतेक वेळा असंच.

उपायांत सर्वांत कमी कटकटीचा म्हणजे झोपेआधीचा ठरलेला क्रम. जोडी मिंडेल यांनी २००९ मध्ये ४०५ आया आणि त्यांच्या लहान मुलांवर हे तपासलं. अंघोळ, मालिश, मग शांत वेळ, रोज त्याच क्रमाने. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्रीचं जागणं कमी झालं आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. रडू द्यावं की नाही, या वादावर मात्र घराघरांत भांडणं होतात. २०१६ मध्ये मायकेल ग्रॅडिसार यांच्या गटाने ४३ बाळांवर दोन पद्धती तपासल्या. एकीत बाळ रडल्यावर जाण्यापूर्वीचा वेळ हळूहळू वाढवायचा. दुसरीत बाळाला झोपवायची वेळच मुद्दाम पुढे ढकलायची, म्हणजे ते पेंगुळलेलं असताना अंथरुणावर जातं आणि लगेच झोपतं. वर्षभरानंतर पाहिलं, तेव्हा कुठल्याही गटात आईशी असलेल्या नात्यात किंवा वागण्यात फरक आढळला नाही. अभ्यास लहान आहे, तरी ‘रडवलंत तर कायमचा ओरखडा’ या धमकीला त्यातून आधार मिळत नाही. माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे, कारण ती पाळताना आईबापांना दाराबाहेर घड्याळ धरून उभं राहावं लागत नाही. आणि घरात दोन मोठी माणसं असतील तर रात्र वाटून घ्या, एकाने दोनपर्यंत, दुसऱ्याने पुढे. दोघांनी मिळून जागण्यात प्रेम असेल, शहाणपण नाही.

झोपल्यावर दोनेक तासांत मूल किंचाळत उठलं, डोळे सताड उघडे, अंग घामाने ओलं, पण आपल्याला ओळखत नाही, तर ते दुःस्वप्न नसतं. गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येण्याचा तो प्रकार आहे. अशा वेळी मुलाला गदागदा हलवून जागं करू नये. लागणार नाही एवढं पाहावं, ते आपोआप निवतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. घाबरतो तो पाहणारा.

घोरणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. सर्दी नसताना रोज घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं, मान मागे टाकून झोपणारं, मध्येच श्वास अडकून दचकणारं मूल तपासून घ्यायला हवं. नाकाच्या मागे अ‍ॅडिनॉइड नावाची गाठ असते. ती वाढली की हवेची वाट अरुंद होते. रात्रभर पाय झाडणाऱ्या, तळमळणाऱ्या मुलाच्या रक्तातलं लोहही पाहावं, कारण लोह कमी असलं की अशी अस्वस्थ झोप लागते.

रात्रीची तक्रार बोलण्याच्या तक्रारीला भिडते ती या अ‍ॅडिनॉइडपाशी. मधल्या कानातून घशाकडे जाणारी नळी तिच्याच शेजारी उघडते आणि लहान मुलांत ती आखूड, बरीचशी आडवी असते. नळी तुंबली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. दुखत नाही, तापही येत नाही. बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं जसं ऐकू येतं, तसं मुलाला ऐकू येत राहतं, कधी कमी, कधी जास्त. मागून टाळी वाजवल्यावर ते वळतं, म्हणून घरचे निश्चिंत असतात. पण टाळी मोठी असते, आणि शब्दातला ‘स’ किंवा ‘फ’ अगदी बारीक. जन्मल्यावर केलेली श्रवणचाचणी चांगली आली होती, हाही पुरावा पुरेसा नाही. पाणी नंतर साचलेलं असू शकतं. म्हणून मूल उशिरा बोलत असेल तर सर्वांत आधी कान तपासावेत. पडद्यामागचं पाणी ओळखणारी चाचणी काही मिनिटांत होते, आणि बऱ्याच मुलांत ते तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं.

उशिरा म्हणजे किती? दोन वर्षांच्या मुलाकडे ५० पेक्षा कमी शब्द असतील किंवा ते दोन शब्द जोडत नसेल, तर त्याला उशिरा बोलणारं म्हणतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दोन वर्षांच्या मुलांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास सांगतो की अशी मुलं सुमारे १३ टक्के असतात आणि त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या जवळजवळ तिप्पट. निम्म्याहून अधिक मुलं शाळेत जाईपर्यंत बाकीच्यांना गाठतात. ‘बोलेल हो, मुलगे उशिराच बोलतात’ म्हणणारी मंडळी म्हणूनच बऱ्याचदा खरी ठरतात. उरलेल्या मुलांचा वेळ तेवढा याच वाक्यात वाया जातो.

कोण गाठेल आणि कोण नाही, हे शब्द मोजून फारसं कळत नाही. समज आणि हात पाहावे लागतात. ‘चप्पल आण’ म्हटल्यावर, चपलेकडे बोट न दाखवता, ते आणतं का? विमान दिसल्यावर बोट दाखवून वळून तुमच्याकडे बघतं का? पाणी हवं म्हणून बोट दाखवणं वेगळं आणि नुसतं ‘बघ ना’ म्हणून दाखवणं वेगळं. दुसऱ्यात मुलाला तुमचं लक्ष वाटून घ्यायचं असतं, आणि भाषा तिथूनच उगवते. जाना आयव्हर्सन आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी २००५ मध्ये दाखवलं की मूल ज्या वस्तूकडे आधी बोट दाखवतं, तिचा शब्द बहुतेकदा काही महिन्यांत तोंडी येतो. बोट दाखवत एखादा वेगळाच शब्द बोलणारं मूल, म्हणजे चपलेकडे बोट आणि तोंडाने ‘बाबा’, दोन शब्द जोडण्याच्या उंबरठ्यावर असतं. शब्द मोजायचेच असतील तर ‘भूभू’, ‘मम्मम’ हेही धरा. घरात दोन भाषा असतील तर दोन्हीतले शब्द एकत्र मोजा. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. आणि जिभेखालचा पडदा कापल्याने न बोलणारं मूल बोलू लागत नाही. त्याचा संबंध आलाच तर उच्चारांशी येतो.

टीव्ही-मोबाइलच्या पडद्यावरची बालगीतं शब्द शिकवतील, ही आशाही सोडावी. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसलेल्या माणसाकडून १२ बैठकांत बाळं त्यातले ध्वनी ओळखू लागली. तेच बोलणं टीव्हीवरून ऐकलेल्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही. समोरचा माणूस बाळ जिकडे बघतं तिकडे बघतो, थांबतो, उत्तर देतो. घरी करायचं तेही एवढंच. मूल ‘गाडी’ म्हणालं की ‘हो, मोठी गाडी गेली’ म्हणा आणि गप्प बसा. मनात पाच आकडे मोजा. बहुतेक मोठ्यांना ही शांतता सोसवत नाही आणि मूल तोंड उघडण्याआधीच ते पुढचं वाक्य बोलून टाकतात. ‘म्हण बघू, म्हण ना’ हा आग्रह तर अगदी नको.

झोपेचा यात थेट हातभार आहे. २०१५ च्या एका प्रयोगात १६ महिन्यांच्या मुलांना नवे शब्द शिकवले. त्यानंतर झोपलेल्या मुलांची त्या शब्दांची समज सुधारली, जागी राहिलेल्यांची नाही. तेव्हा भाषेचा वर्ग लावण्यासाठी दुपारची झोप मोडू नका. पण यावरून ‘रात्री जागतं म्हणून बोलत नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

वर्षाचं झालं तरी बडबड नाही, नावाला ओ नाही, बोट दाखवत नाही. १६ महिन्यांत एकही शब्द नाही. दोन वर्षांत दोन शब्दांची जोडी नाही. यांपैकी काही असेल तर पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नका. आणि येत असलेले शब्द किंवा हातवारे गेले, तर कुठल्याही वयात लगेच डॉक्टरांकडे जा. जाताना दोन गोष्टी न्या. घोरत असेल तर झोपेतल्या श्वासाचं मोबाइलवर केलेलं छोटं चित्रण, कारण दवाखान्यात मूल कधी घोरत नाही. आणि मूल काय बोलतं, काय समजतं, कशाकडे बोट दाखवतं याची यादी. स्पीच थेरपी सुचवली गेली तर दचकू नका. दोन वर्षांच्या मुलाची थेरपी जमिनीवर खेळणी मांडून चालते, आणि त्यातला मोठा भाग आईबापांना शिकवण्याचाच असतो.