लॉगिन होतं, यादी मात्र येत नाही

एफटीपी, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर फायली नेण्याची पद्धत. तिची ही तक्रार ठरलेली असते. नाव आणि पासवर्ड मान्य होतात, २३० हा संकेतांक दिसतो, पण फायलींची यादी मागितली की सगळं जागच्या जागी थांबतं. थोड्या वेळाने ४२५ येतो, म्हणजे डेटाची जोडणी उघडता आली नाही. मग पासवर्ड बदलून पाहिला जातो, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला जातो. बिघाड तिथे नसतोच.

एफटीपी एका नव्हे, दोन जोडण्यांवर चालतं. पहिली सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार) लागते आणि तिच्यावरून फक्त आज्ञा आणि उत्तरं जातात. फाईल असो की नुसती यादी, ती दुसऱ्या जोडणीवरून येते. ही दुसरी जोडणी कामापुरती उघडते आणि काम झालं की बंद होते. नेहमीच्या पद्धतीत जोडणी बंद होणं हीच फाईल संपल्याची खूण असते, म्हणून प्रत्येक फायलीला नवी जोडणी लागते. ती कोणी कोणाकडे लावायची, एवढाच एफटीपीच्या ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह या दोन पद्धतींतला फरक.

ॲक्टिव्हमध्ये क्लायंट, म्हणजे आपला संगणक, स्वतःचं एक पोर्ट उघडून बसतो आणि सर्व्हरला ‘पोर्ट’ या आज्ञेने सहा आकडे कळवतो. समजा ते १९२,१६८,१,५,१९५,१४९ आहेत. पहिले चार म्हणजे आयपी पत्ता. उरलेल्या दोनांतून पोर्ट निघतं: १९५ गुणिले २५६, अधिक १४९, म्हणजे ५००६९. मग सर्व्हर आपल्या २० क्रमांकाच्या पोर्टवरून या पत्त्यावर जोडणी लावतो.

आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला, तेव्हा जाळ्यातल्या संगणकांना एकमेकांपर्यंत थेट पोचता येत होतं. आज १९२.१६८.१.५ हा पत्ता घरातल्या राउटरच्या आतच चालतो. बाहेरच्या सर्व्हरला तो निरुपयोगी. पत्ता खरा असला तरी बाहेरून आपणहून आलेली जोडणी फायरवॉल, म्हणजे जाळ्याचा पहारेकरी, सहसा दारातूनच परत पाठवते.

काही राउटर यावर शक्कल लढवतात. जाणारी आज्ञा वाचून तिच्यातला खासगी पत्ता खोडतात, स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतात आणि परतीची वाट उघडून ठेवतात. सर्व्हरवर एन्क्रिप्शन, म्हणजे एफटीपीएस, सुरू केलं की आज्ञा राउटरला वाचताच येत नाही. काल चालणारं ॲक्टिव्ह आज बंद पडलं, तर आधी हेच तपासावं.

पॅसिव्हमध्ये दोन्ही जोडण्या क्लायंटच लावतो. तो पीएएसव्ही ही आज्ञा देतो, सर्व्हर एक पोर्ट उघडून २२७ या उत्तरात तसेच सहा आकडे पाठवतो आणि क्लायंट तिकडे जातो. ही आज्ञा एफटीपीच्या १९८५ च्या मानकातही होती. फायरवॉल वाढू लागल्यावर १९९४ मध्ये स्टीव्हन बेलोविन यांनी क्लायंटनी सरसकट हीच वापरावी, असं सुचवलं.

डोकेदुखी मात्र संपली नाही, ती सर्व्हरवाल्याकडे गेली. क्लाउडमधला सर्व्हर २२७ मध्ये अनेकदा १०.०.०.४ असा आपला आतला पत्ताच सांगून मोकळा होतो. फाईलझिला हा क्लायंट प्रोग्राम असा पत्ता ओळखून पहिल्या जोडणीचाच पत्ता वापरू शकतं. सगळे क्लायंट इतके समजूतदार नसतात. खरा उपाय सर्व्हरवर करायचा असतो: सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता लिहायचा, पॅसिव्ह पोर्टांचा पट्टा ठरवायचा (उदाहरणार्थ ५०००० ते ५०१००), आणि तोच पट्टा सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये व क्लाउडच्या नियमांतही उघडायचा. दोहोंपैकी एक राहून जाणं ही नेहमीची चूक. पट्टा दहा पोर्टांचा ठेवला, तर गर्दीच्या वेळी मोकळं पोर्ट सापडत नाही.

१९९८ मध्ये आलेली ईपीएसव्ही ही आज्ञा जास्त शहाणी आहे. तिच्या २२९ या उत्तरात पत्ता नसतोच, फक्त पोर्ट असतं. चुकीचा पत्ता कळवण्याचा प्रश्नच उरत नाही आणि आयपीव्ही६ वरही, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या आवृत्तीवरही, काम होतं.

एक बिघाड दोन्ही पद्धतींत येतो. मोठी फाईल तासभर उतरत असताना २१ वरची जोडणी गप्प असते, आणि मधला राउटर तिला विसरतो. फाईल पूर्ण येते, पण काम झाल्याचा २२६ येत नाही, आणि क्लायंट काम फसलं समजून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अशा वेळी क्लायंटमधलं कीप-अलाइव्ह, म्हणजे अधूनमधून काहीतरी पाठवून जोडणी जागी ठेवणारी सोय, सुरू करावं.

विंडोजमधली जुनी एफटीपी कमांड मात्र ॲक्टिव्हशिवाय दुसरं काही जाणत नाही. तिच्यातून ‘कोट’ (आज्ञा जशीच्या तशी सर्व्हरला पाठवणारा शब्द) लावून पीएएसव्ही पाठवली, तर सर्व्हर इमानदारीने २२७ देतो. कमांड ते उत्तर पडद्यावर दाखवते आणि पुढच्या यादीसाठी पुन्हा आपलंच पोर्ट उघडून बसते.