फाइलमध्ये चंद्र एकदाच असतो

2025 च्या 7 सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं, आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली, सगळे मिरवणुकांनी दमलेले, तरी ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वीसेक जण जमले. मी लॅपटॉपवर एक छोटं ॲनिमेशन करून नेलं होतं, बटण दाबलं की चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि पलीकडून बाहेर पडतो. तिसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी म्हणाली, "काका, किती चित्रं काढलीत तुम्ही? दोनशे?"

मी म्हटलं, दोन. एक चंद्र, एक सावली.

तिचा विश्वास बसेना. ॲनिमेशन म्हणजे भराभर फिरवलेली चित्रं असं आपण सगळेच शाळेत वहीच्या कोपऱ्यात काढून शिकलेलो असतो, आणि डोळ्यापुरतं ते खरंच आहे. पण फाइलच्या आत काय असतं ही गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती इतकी आवडते की आज जरा सविस्तर सांगतो.

हे मी एसडब्ल्यूएफसी नावाच्या कंपायलरने केलं. एसडब्ल्यूएफटूल्स या मोफत संचातला हा प्रोग्राम. खिडकी नाही, ब्रश नाही, माउसने ओढायचं काही नाही. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळी लिहायच्या, टर्मिनलवर एक कमांड द्यायची, तयार फ्लॅश फाइल बाहेर (फ्लॅश म्हणजे वेबवरच्या ॲनिमेशनचा जुना प्रकार). ओळीही अगदी सरळ: 'सर्कल' म्हणजे वर्तुळ तयार कर, 'पुट' म्हणजे स्टेजवर ठेव, 'फ्रेम 200' म्हणजे दोनशेव्या फ्रेमला, पडद्यावरच्या दोनशेव्या क्षणाला, ये, 'चेंज' म्हणजे तोपर्यंत हळूहळू इकडे सरकव. माझा चंद्र एक्स 360 वरून एक्स 0 वर जातो, उजवीकडून डावीकडे, कारण आपण दक्षिणेकडे तोंड करून बघतो तेव्हा सावलीच्या तुलनेत तो तसाच सरकतो. मधल्या सगळ्या जागा कंपायलर स्वतः काढतो.

आता फ्लॅश तर गेलं, ॲडोबीने 31 डिसेंबर 2020 ला बंद केलं, मग हे कशाला? एक तर रफल नावाचा प्लेयर आहे, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, तो वेबअसेम्ब्लीच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये असे प्रोग्राम चालवायच्या सोयीच्या, जोरावर जुन्या फ्लॅश फाइली आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो, माझंही त्यावरच चाललं. आणि दुसरं, खरं कारण म्हणजे या फाइलची रचना इतकी स्वच्छ आहे की ती उघडून बघितली की ॲनिमेशन म्हणजे काय ते कळतं.

गडकरी रंगायतनला नाटक बघताना विचार करा. नट विंगेत तयार होऊन उभा असतो. प्रवेश आला की स्टेजवर येतो, मग चार पावलं पुढे, मग खुर्चीत. प्रत्येक पावलाला कोणी नवा नट आणत नाही. फ्लॅश फाइलमध्ये हेच आहे आणि शब्दही तेच आहेत, आकृतीला 'कॅरॅक्टर' म्हणतात आणि पडद्याला 'स्टेज'. फाइलच्या सुरुवातीला चंद्राची आकृती एकदा सांगितली जाते, तिला एक नंबर मिळतो. मग हुकूम येतो, अमुक नंबरचं पात्र अमुक खोलीवर ठेव. खोली म्हणजे कोण पुढे कोण मागे, माझी सावली अर्धपारदर्शक तांबूस आहे आणि चंद्राच्या वरच्या थरावर आहे, म्हणून चंद्र तिच्याखाली गेला की लाल दिसतो. त्यानंतर प्रत्येक फ्रेमला फक्त बदल: या खोलीवरचा जो आहे त्याला इतकं सरकव. सावली हलत नाही, म्हणून तिच्याबद्दल पुढे एक अक्षर नाही. ती नुसती उभी राहते.

आता हिशोब करू. 400 बाय 300 चं एक चित्र म्हणजे 1,20,000 पिक्सेल, प्रत्येकी 3 बाइट, म्हणजे 3,60,000 बाइट, आणि अशी 200 चित्रं म्हणजे 7 कोटी 20 लाख. व्हिडिओ हे बरंच दाबून लहान करतो हे मान्य, तोही फ्रेममधला फरकच शोधतो, पण त्याला तो आयत्या चित्रांत शोधावा लागतो. इथे फरकच लिहिलेला असतो. सरकवण्याचा एक हुकूम: 2 बाइट शीर्षक, 1 बाइट खुणा, 2 बाइट खोली, आणि जागा 5 बाइटमध्ये. झाले 10. 'फ्रेम दाखव' हा हुकूम 2 बाइटचा. म्हणजे फ्रेममागे 12 बाइट, दोनशे फ्रेमचे 2400!

जागा पिक्सेलमध्ये नसते तेही बघा. 360 पिक्सेल 200 फ्रेममध्ये म्हणजे फ्रेमला 1.8 पिक्सेल, पूर्णांक नाही. म्हणून फ्लॅशने पिक्सेलचे वीस भाग केले, एका भागाला ट्विप म्हणतात, आणि मग तेच अंतर बरोबर 36 ट्विप होतं, कुठे अपूर्णांक नाही, चंद्र कुठे अडखळत नाही.

मी फाइलची आवृत्ती मुद्दाम 5 ठेवली, कारण 6 पासून फाइल दाबून लहान करता येते आणि मग आतलं दिसत नाही. हेक्स व्ह्यूअर म्हणजे फाइलचे बाइट सोळाच्या पायावरच्या आकड्यांत (हेक्समध्ये) आणि उजवीकडे अक्षरांत दाखवणारा प्रोग्राम, त्यात उघडली की सुरुवातीला एफ, डब्ल्यू, एस ही अक्षरं, आणि पुढे 88 06 आणि 40 00 या जोड्या परत परत. सरकवण्याच्या हुकमाचा नंबर 26, त्याला 64 ने गुणा, पुढे किती बाइट आहेत ते 8 मिळवा, 1672 येतं, हेक्समध्ये 0688, आणि बाइट उलटे लिहायची पद्धत म्हणून 88 06. 'फ्रेम दाखव'चा नंबर 1, पुढे काही नाही, म्हणून 64, हेक्समध्ये 40 00. त्या 40 च्या जागी उजवीकडच्या रकान्यात ई-मेलच्या पत्त्यातलं ॲटचं चिन्ह दिसतं. तुम्ही स्क्रोल करत जाता आणि ठरावीक अंतराने ते चिन्ह येत राहतं, चंद्राचं एकेक पाऊल.

गच्चीवर ग्रहण असं रंगात आलं असताना सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की ग्रहणात अन्न दूषित होतं, गरोदर बायकांनी बाहेर येऊ नये. ही निव्वळ सावली आहे, पृथ्वीची, आणि रोज रात्री आपण सगळेच पृथ्वीच्या सावलीत असतो, जेवतो, झोपतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनी सातव्या महिन्यात आहेत, त्यांना मी स्वतः खुर्ची नेऊन दिली आणि त्या 11 वाजता चंद्र पूर्ण लाल झालेला बघून मगच खाली गेल्या.

त्या मुलीचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. "दर पौर्णिमेला का नाही होत मग?" दुसऱ्या दिवशी मी आणखी एक बटण केलं, दर क्लिकला चंद्र अर्धा अंश वर. यासाठी चंद्राला आधी स्प्राइटमध्ये, म्हणजे नाव देता येईल अशा वेष्टनात, गुंडाळावं लागतं, नुसत्या आकृतीला नाव चिकटत नाही. बटणातला कोड चळतीवर चालतो, डब्यावर डबा ठेवावा तसा: चंद्राचं नाव ठेव, कुठला गुणधर्म तो नंबर ठेव, स्टेजच्या वरच्या कडेपासूनचं आताचं अंतर ठेव, 40 ठेव, वरचे दोन उचलून वजाबाकी करून उत्तर परत ठेव, आणि शेवटी तिन्ही उचलून चंद्राला लाव. वजाबाकीचा हुकूम एकच बाइट, 0बी.

40 का, तर आकाशात चंद्र अर्धा अंश दिसतो आणि मी तो 40 पिक्सेल काढलाय. त्याची कक्षा साधारण 5 अंश कललेली आहे, म्हणजे या मापाने 400 पिक्सेल, आणि माझं स्टेज 300 च उंच. तिने क्लिक करायला सुरुवात केली. दुसऱ्या क्लिकलाच चंद्र सावलीच्या बाहेर. पाचव्याला स्टेजवर नुसती तांबूस सावली उरली, चंद्र वरून निघून गेला होता, आणि ती म्हणाली, "अजून पाच क्लिक बाकी आहेत ना काका?"