पाण्याची घागर आणि डिकीतला सबवूफर

भाच्याने गाडीत १२ इंची सबवूफर (नुसता खालचा, जाड आवाज म्हणजे बेस वाजवणारा स्पीकर) बसवला आणि तिसऱ्याच दिवशी माझ्याकडे आला, म्हणाला मामा नुसतं भुम भुम होतंय ओ, प्रत्येक गाण्याला एकच आवाज. जुळे सोलापूरात आमच्या घरासमोर गाडी लावली, डिकी उघडली तर आत ८ एमएम प्लायचं खोकं, पुढं स्पीकर आणि बाजूला चार इंचाचं एक गोल भोक. भोक कशाला पाडलं विचारलं तर म्हणे बसवणाऱ्याने सांगितलं हवा बाहेर जायला पाहिजे. स्पीकर चांगल्यातला होता, पैसे पण चांगले गेले होते, आणि सगळं वाया गेलं होतं ते त्या खोक्यापायी. म्हणून हे लिहायला बसलोय, कारण लोक स्पीकर आणि अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) निवडायला महिना घालवतात आणि डबा मात्र उरलेल्या प्लायचा ठोकून घेतात.

आधी डबा लागतोच का ते बघू. स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) पुढं गेला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकाच वेळी दोन आवाज तयार होतात, एक पुढं एक मागं, आणि दोन्ही बरोबर एकमेकांच्या उलटे. सोलापूरात मे महिन्यात ४२ डिग्रीला आवाज सेकंदाला ३५५ मीटरच्या आसपास पळतो, म्हणजे ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनांच्या) बेसची एक लाट जवळजवळ ९ मीटर लांब झाली. एवढ्या लांब लाटेला स्पीकरच्या मागून पुढं यायचं फूटभर अंतर म्हणजे काहीच नाही, मागची लाट वळसा घालून येते आणि पुढचीला खाऊन टाकते. सबवूफर नुसता हातात धरून वाजवून बघा (आवाज एकदम बारीक ठेवून), कोन हलताना दिसतो पण बेस ऐकूच येत नाही. डब्याचं पहिलं काम हेच, मागचा आवाज मागंच अडवायचा.

दुसरं काम जास्त मजेचं आहे. बंद डब्यातली हवा स्प्रिंगसारखं काम करते, कोन आत गेला की ती त्याला बाहेर ढकलते, बाहेर गेला की आत ओढते. ही कल्पना नीट वापरून एडगर विल्चर या अमेरिकन माणसाने १९५४ मध्ये छोट्या बंद डब्यातून खोल बेस काढून दाखवला, त्याआधी चांगल्या बेससाठी कपाटाएवढी खोकी लागायची. पण यातच गोची पण आहे, डबा फार लहान झाला तर स्प्रिंग कडक होते, बेस वरच्या वरच राहतो आणि भुम्म असा फुगतो, आणि फार मोठा झाला तर कोनला आवरणारं कोणी उरत नाही. म्हणून कंपनीच्या कागदावर लिटर किंवा घनफूट दिलेलं असतं ते बघूनच डबा करायचा. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर कसा वागेल हे आकड्यात मांडलं, त्यामुळं आज तो हिशोब कोणालाही करता येतो.

आता त्या भोकाची गोष्ट. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळं घागर भरायचा आवाज सोलापूरकराला वेगळा सांगायला नको. घागर भरत आली की आवाज चढत जातो, आई स्वयंपाकघरातून न बघता सांगते नळ बंद कर म्हणून. आत मोकळी हवा कमी झाली की सूर वर जातो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली तर जो घुमारा येतो तोही तसाच, गळ्यातली हवा गोळ्यासारखी मागंपुढं हलते आणि पोटातली हवा स्प्रिंग होते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. पोर्टवाला (मुद्दाम भोक ठेवलेला) डबा म्हणजे अशीच घागर, फक्त गळ्याच्या जागी पाइप. पाइप बरोबर असला तर मागचा आवाज एका ठराविक सुराला उलटून पुढच्याच्या बाजूने बाहेर येतो आणि बेस वाढतो.

भाच्याच्या डब्यात साधारण ४५ लिटर हवा होती. त्याला १० सेंटीमीटर व्यासाचा आणि ३५ सेंटीमीटर लांबीचा पाइप लावला असता तर डबा ३५ हर्ट्झला लागला असता, म्हणजे त्या सुराला घुमला असता. पाइपच नाही, नुसतं भोक, म्हणून तो लागला ७५ हर्ट्झच्या जवळपास. तोच एक सूर प्रत्येक गाण्यात घुमत होता! आणि त्याच्या खालच्या सुरांना तर पोर्टवाला डबा कोनला धरूनच ठेवत नाही, हवा भोकातून मोकळी येजा करते आणि कोन वेड्यासारखा हलतो, कोन फाटायची वेळ येते ती इथंच.

आम्ही नवा डबा बिनभोकाचा, बंदच करायचं ठरवलं, मला भजनाचा पखवाज आणि हलगी दोन्ही स्वच्छ ऐकायला आवडतात आणि बंद डब्यात ठोका सुटसुटीत येतो. बाहेरून ४० बाय ३५ बाय ३० सेंटीमीटर, १८ एमएमचं एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी). आतलं माप धरलं की ३० लिटर होतात, त्यातून स्पीकरने व्यापलेली दोनेक लिटर जागा वजा केली की उरतात २८, म्हणजे एक घनफूट, त्याच्या कागदावर तेवढंच लिहिलं होतं. मिस्त्री म्हणाले एवढा जाड कशाला. हिशोब करून दाखवला, १२ इंची कोन एक सेंटीमीटर आत गेला तर अर्धा लिटर हवा दाबली जाते आणि मोठ्या फळीवर साधारण २७ किलोचा जोर येतो, तो पण सेकंदाला ४० वेळा आत आणि बाहेर. ८ एमएमची फळी तिथं पापडासारखी थरथरणार, आणि फळी थरथरली की ती स्वतःच उलटा आवाज काढते.

फेविकॉल भरपूर लावून स्क्रू, एमडीएफच्या कडेला आधी बारीक ड्रिल नाहीतर फुटतं, आतून सगळ्या सांध्यांना सिलिकॉन, आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय स्पीकर बसवायचा नाही कारण त्याच्या वाफेने कोनचा गोंद खराब होऊ शकतो. स्पीकरखाली फोमची गॅस्केट, स्क्रू मात्र गोल फिरत नाही तर समोरासमोर थोडे थोडे आवळायचे, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे, नाहीतर फ्रेम वाकडी बसते. हवा कुठं सुटते का बघायला बारीक आवाजात ३० हर्ट्झचा टोन लावून सांध्यांजवळून उदबत्ती फिरवली, वायरीच्या भोकापाशी धूर हलला, तिथं परत सिलिकॉन.

सगळा मिळून डबा सोळा-सतरा किलोचा झाला. एवढी वस्तू डिकीत मोकळी ठेवू नका, जोरात ब्रेक लागला तर मागच्या सीटवर बसलेल्यांच्या पाठीत येते. पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने बांधायची, आणि तळाला ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघायचं की पेट्रोलची टाकी किंवा सीएनजीची नळी कुठून जाते. बॅटरीवरून येणाऱ्या वायरला फ्यूज बॅटरीजवळच पाहिजे, दीड फुटाच्या आत, कारण बॅटरी आणि फ्यूजच्या मधे वायर कुठं घासून पत्र्याला लागली तर ती जळतच राहते.

संध्याकाळी विजापूर रोडला एक चक्कर मारली. काच लावलेल्या छोट्या गाडीत खोल बेस आपोआप वाढतो, लाट गाडीपेक्षा लांब असल्याने आतली सगळी हवा एकदमच दाबली जाते, त्यामुळं अ‍ॅम्पचा बेस नॉब निम्म्यावर आणला. पखवाजाची थाप आणि बेस गिटार वेगवेगळे ऐकू यायला लागले. फक्त मागून एक बारीक खरखर येत होती, ती निघाली नंबर प्लेटची, तिच्यामागं फोम टेपचे दोन तुकडे लावले आणि गेली.