रेझिनचे मॉडेल कुत्रे

रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतल्यावर कडक होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये, ओतलेल्या कुत्र्यांच्या छोट्या प्रतिकृती जमवायच्या आणि स्वतः रंगवायच्या असा हा छंद. तो आला मॉडेल घोड्यांच्या छंदातून. ब्रेयर या अमेरिकन कंपनीने १९५० पासून प्लास्टिकचे घोडे बाजारात आणले, नंतर कुत्रेही काढले, आणि पुढे शिल्पकार मंडळी स्वतःच रेझिनमध्ये मोजक्या प्रती काढून विकायला लागली. मापंही घोड्यांचीच चालतात, म्हणजे १:९, १:१२, १:३२. आता ६० सेंटिमीटर उंचीचा जर्मन शेफर्ड १:९ मध्ये पावणेसात सेंटिमीटरच्या आत बसतो आणि १:३२ मध्ये दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, त्यामुळे डोळे कसे रंगवायचे हा प्रश्न तिथे पहिल्यांदा पडतो.

मूळ शिल्प बहुतेक वेळा इपॉक्सी क्लेमध्ये (हाताने घडवायच्या, आपोआप कडक होणाऱ्या मातीसारख्या लगद्यात) होतं, त्यावरून सिलिकॉनचा साचा, आणि साच्यात दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन. हे काही मिनिटांतच सेट व्हायला लागतं, हवा अडकली की बुडबुडे राहतात, म्हणून बरेच जण प्रेशर पॉट, म्हणजे आत हवेचा दाब देणारं बंद भांडं, वापरतात. साचा झिजत जातो, शेवटच्या प्रतींमध्ये केसांचा पोत बोथट होतो. दुसऱ्याच्या शिल्पावरून गुपचूप साचा काढून प्रती विकणं म्हणजे सरळ चोरी, आणि या छंदात अशा माणसाला कोणी जवळ करत नाही.

नवी प्रत आली की थेट ब्रश घेऊन बसायचं नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुवायची, नाहीतर साच्याचं तेलकट द्रव्य राहून रंग सुटतो. मग साच्याची जोडरेघ घासायची, सुईच्या टोकाएवढी भोकं पुट्टीने भरायची, प्रायमर मारायचा, आणि प्रायमर बसल्यावर राहिलेली सगळी भोकं दिसतात की परत घासा. (याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.) पॉलिश पेपर ओला करूनच वापरावा आणि मास्क लावावा, रेझिनची धूळ फुफ्फुसात जायला नको. वाकलेला पाय गरम पाण्यात धरला की मऊ पडतो, मग सरळ करून गार पाण्यात धरायचा. आणि हो, रेझिन उन्हात पिवळं पडतं.

रंगासाठी अ‍ॅक्रिलिक, ऑइल, एअरब्रश, किंवा पेस्टलची पूड, ज्यात प्रत्येक थर मॅट स्प्रेने पक्का करत जायचं. हवा दमट असताना स्प्रे मारला तर पांढुरकी झाक येते.

पण खरी परीक्षा हात किती सफाईदार यापेक्षा कुत्रा किती माहीत आहे याची. चॉकलेटी लॅब्राडोरला काळंभोर नाक दिलं की रंगकाम कितीही सुबक असलं तरी जाणकार तिथेच थांबतो, कारण ज्या जनुकामुळे केस चॉकलेटी होतात त्यानेच नाक आणि पापण्यांची कडही तपकिरी होते. डॉबरमनचे तांबूस डाग भुवयांवर, तोंडाच्या बाजूंना, छातीवर, पायांवर आणि शेपटीखाली, असे ठरलेल्या जागीच असतात. मर्ल या डागाळ रंगप्रकारामध्ये फक्त काळा किंवा तपकिरी रंग फिकट होऊन डागाळतो, तांबूस भाग तसाच राहतो, त्यामुळे निळ्या (म्हणजे खरं तर राखाडी) मर्ल कुत्र्याच्या तांबूस पायांवर राखाडी डाग काढणं चूक. डाल्मेशियनचं पिल्लू जन्मतः पांढरं असतं, ठिपके नंतर उमटतात, म्हणजे डोळे मिटलेल्या पिल्लावर ठसठशीत काळे ठिपके देऊन चालत नाही.

पांढरा कुत्रा सोपा वाटतो पण तोच सगळ्यात अवघड, नुसता पांढरा मारला की खडूसारखा दिसतो. कानामागे, पोटाखाली जरा क्रीम, जरा राखाडी लागतंच, आणि केस विरळ असतात तिथे फिकट गुलाबी. डोळ्यांवर ग्लॉस शेवटी. नाकाला मात्र पूर्ण ग्लॉस देऊ नये, थोडी ओलसर चमक पुरते.

स्पर्धांमध्ये जातीच्या मानकांनुसार बांधा, रंग आणि रंगकाम असं सगळं बघतात, काही ठिकाणी छोट्या देखाव्यांचाही वर्ग असतो. हल्ली थ्रीडी प्रिंटचे कुत्रे खूप आलेत, पण ते रेझिन वेगळं, अतिनील प्रकाशात कडक होणारं. ते नीट कडक झालं नसेल तर उघड्या हाताने धरू नये, त्वचेला त्रास होतो, आणि प्रिंटच्या थरांच्या बारीक रेघा घासून काढायचं काम वेगळंच.