सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी नव्हे
वडील गेले, सातबाऱ्यावर एकट्या थोरल्याचं नाव लागलं, म्हणजे जमीन त्याची झाली, हा समज महाराष्ट्रात गावोगाव पक्का आहे. तो चुकीचा आहे. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, ही महसुली नोंद. तिने मालकी ना मिळते, ना जाते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे, मुली (लग्न झालेल्यासुद्धा) आणि हयात असेल तर मयताची आईही वारस. नेमकी ही म्हातारीच यादीतून सुटते, मग नोंद हरकतीत अडकते. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं 3 महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नुसती नोटरी चालत नाही.