विंडोजचे प्रोग्राम, लिनक्सचे कर्नल आणि वाट पाहण्याचा प्रश्न

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे ‘वाइन’ हे नकली संगणक उभा करते आणि म्हणून ते संथ असणारच, हा समज अजूनही सर्रास आढळतो. वास्तविक प्रोग्राममधील गणिते प्रोसेसर थेट करतो. फाइल उघडणे, खिडकी रेखाटणे अशी मागणी प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमकडे करतो, तेव्हाच वाइन मध्ये येते. हा थर १९९३ पासून घडत आहे आणि त्याची १.० आवृत्ती २००८ मध्ये आली.

या मागण्यांपैकी सर्वांत अवघड मागणी थांबण्याची आहे. प्रोग्रामचे काम अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांमध्ये, वाटलेले असते आणि एका थ्रेडला दुसऱ्यासाठी खोळंबावे लागते. विंडोजमध्ये थ्रेड एकाच वेळी ६४ पर्यंत गोष्टींची वाट पाहू शकतो. त्यांतली कोणतीही एक पुरेल किंवा सगळ्या एकदम हव्यात, अशी अटही घालू शकतो. दुसऱ्या अटीतच खरी मेख आहे. समजा, दोन कुलुपे (एका वेळी एकाच थ्रेडला घेता येणाऱ्या गोष्टी) हवी आहेत आणि पहिले मोकळे झाले. तरी ते घेऊन दुसऱ्यासाठी थांबता येत नाही, कारण दोन्ही मोकळी असतील त्याच क्षणी दोन्ही घ्यायची आणि तोवर एकालाही हात लावायचा नाही, असा नियम आहे.

लिनक्समध्ये याला तंतोतंत जोड नव्हती. म्हणून वाइनने ‘वाइनसर्व्हर’ हा स्वतंत्र मध्यस्थ ठेवला. त्याचा निवाडा अचूक असे, पण प्रत्येक वेळी त्याच्याकडे जाऊन परतण्यात वेळ जाई आणि गेममध्ये असे हेलपाटे सेकंदाला हजारो पडत. ‘ईसिंक’ आणि ‘एफसिंक’ या वाइनसाठीच्या पर्यायी पद्धतींनी मध्यस्थ टाळून वेग मिळवला. मात्र ‘सगळ्या एकदम’ ही अट ते एकेक कुलूप घेऊन आणि जमले नाही तर परत ठेवून भागवत, त्यामुळे मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडला चुकीचे चित्र दिसू शके.

मार्च २०२५ मधील लिनक्स ६.१४ पासून कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच, असलेल्या ‘एनटीसिंक’ या सोयीने हा पेच सोडवला. ज्यांची वाट पाहायची त्यांतल्या प्रत्येक वस्तूला आतल्या व्यवहारापुरते तिचे छोटे कुलूप आहे आणि कोणी ‘सगळ्या एकदम’ मागत असेल तेव्हाच सर्वांवरचे मोठे कुलूप वापरले जाते, म्हणून साध्या मागण्यांना त्याचा भार सोसावा लागत नाही. ही रचना मला विलक्षण देखणी वाटते.

वेग कित्येक पटींनी वाढल्याच्या बातम्या मात्र जपून वाचाव्यात, कारण ती तुलना मूळ वाइनसर्व्हरशी असते. एफसिंक आधीच वापरणाऱ्यांना बहुतेक गेममध्ये फारसा फरक जाणवत नाही.